‘इन कन्क्लूजन’च्या पुढं काय?

निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी औरंगपुऱ्यात भाजी घेताना मागून अजून हाक येते, ‘कन्क्लूजन मॅडम’. मी वळून बघते. माझं नाव नसीम पटेल आहे, हे हाक मारणाऱ्याला बहुतेक आठवत नसतं. मलाही त्याचं नाव आठवत नसतं. त्याच्या प्रबंधाचा शेवटचा परिच्छेद मात्र आठवतो. एकदा असेच पिकल्या मिशांचे एक गृहस्थ भेटले, तर घरची खुशाली विचारायच्या आधी मी त्यांना विचारून बसले, ते ‘हेन्स’ काढलं होतं का शेवटी? त्यांनी मेथीची जुडी उलटसुलट करून पाहिली. काढलं नव्हतं.

मी इथल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. शहर चारी बाजूंनी पसरत होतं आणि कॉलेजंही उगवत होती. मग एक वर्ष असं आलं की प्राध्यापकांना बढतीसाठी पीएच.डी. आणि छापील शोधनिबंध लागू लागले. तोवर आमच्या स्टाफरूममध्ये निवांत चहा होत असे. आता प्रत्येकाच्या बगलेत फाइल आली. बी. ए.ला इंग्रजीचा पेपर सुटावा म्हणून ज्यांनी देवाला नवस बोलले होते, ती मंडळी इंग्रजीत प्रबंध लिहायला बसली. प्राचार्यांनी ग्रंथालयाच्या कोपऱ्यात मला एक टेबल दिलं आणि वर पाटी लावली, ‘संशोधन लेखन सहाय्य कक्ष’. महिन्याभरात त्याचं नाव ‘कन्क्लूजनचं टेबल’ पडलं. कारण सोपं होतं. आधीची चार प्रकरणं लोक इकडून तिकडून जमवून लिहीत. शेवटचं प्रकरण मात्र स्वतःच्या डोक्यातून काढावं लागतं, आणि तिथं आल्यावर सगळे माझ्याकडे येत.

हे काम काय असतं ते बाहेरच्या माणसाला सांगायला हवं. मराठीत बोलता बोलता कोणी ‘तर मिळून काय’ म्हणालं की ऐकणारे चपला शोधायला लागतात. आमच्या घरी अम्मी ‘मतलब ये के’ म्हणायची आणि तिथून तिची खरी गोष्ट सुरू व्हायची, म्हणून तिच्यापुढून कोणी उठत नसे. इंग्रजी प्रबंधातही असे ठरलेले शब्द असतात. ‘इन कन्क्लूजन’ म्हटलं की वाचकानं समजायचं, पुरावे संपले, आता निवाडा. ‘टु सम अप’ म्हणजे निवाडा नाही, मागचंच थोडक्यात पुन्हा. ‘देअरफोर’ म्हणजे आधीच्या वाक्यातून हे वाक्य निघतं, अशी लेखकानं दिलेली हमी. त्यानंतर क्रियापद येतं आणि तेच सगळ्यात नाजूक. ‘प्रूव्ह्ज’ म्हणजे सिद्ध होतं. ‘शोज’ म्हणजे दिसून येतं. ‘सजेस्ट्स’ म्हणजे असं म्हणायला जागा आहे. पुरावा जेवढा असेल तेवढंच जड क्रियापद वापरायचं. एवढंच माझं शास्त्र. त्यावर माझी सगळी नोकरी निघाली.

गिऱ्हाइकं मात्र एकेक होती. वाणिज्य विभागाचे एक सर चाळीसेक पानांचं शेवटचं प्रकरण घेऊन आले. पहिलेच शब्द होते, ‘इन अ नटशेल’. मी म्हटलं, सर, याचा अर्थ अक्रोडाच्या कवचात मावेल इतकं थोडक्यात. त्यांनी हातातल्या गठ्ठ्याकडे पाहिलं, विचार केला आणि विचारलं, ‘मग नारळ चालेल का?’

राज्यशास्त्राच्या एक बाई होत्या. त्यांचं प्रत्येक वाक्य ‘दस’नं सुरू होई. ‘दस’ म्हणजे म्हणून, अशा रीतीनं. मी सगळे ‘दस’ काढून टाकले. चार दिवसांनी त्या तक्रार घेऊन आल्या, की तुम्ही ते काढल्यापासून माझी वाक्यं एकमेकांशी बोलेनात. ती आधीपासूनच बोलत नव्हती, हे त्यांना सांगायला मला पुढं दोन चहा लागले.

आणि रसायनशास्त्राचे एक सर. त्यांनी ऋणनिर्देशात शेवटी ‘लास्ट बट नॉट द लीस्ट’ म्हणून बायकोचे आभार मानले होते. मी सहज बोलून गेले, की ज्यांनी इतकी वर्षं डबे दिले त्यांना असं रांगेच्या शेवटी का उभं करता? माझं बोलणं त्यांच्या मनाला लागलं. त्यांनी बायकोला पहिल्या ओळीत आणलं आणि त्या रिकाम्या जागी मार्गदर्शकांना नेऊन बसवलं. मार्गदर्शकांनी ते पान वाचलं आणि त्यानंतर सहीसाठी त्यांना वेळच मिळेना. तेव्हापासून मी ऋणनिर्देशाला हात लावायचं सोडून दिलं.

पण माझ्या टेबलाशी जे सगळ्यात जास्त दिवस बसले, ते भगवान मोकासे सर.

मोकासे आमच्याच कॉलेजात भूगोल शिकवत. उंच, सावळे, कमी बोलणारे. गाव कन्नड तालुक्यात, पिशोरच्या पुढं. गावाचं नाव सांगत नाही, मला तिथं अजून जायचं आहे. प्रबंधाचा विषय त्यांच्याच गावच्या विहिरी. गावातून एक नदी जाते. नदी म्हणायचं, आहे ओढाच. त्यावर काही वर्षांपूर्वी एक बंधारा झाला. बंधाऱ्याला दारं असतात. पावसाळ्यात ती उघडी ठेवायची, पाणी वाहून जाऊ द्यायचं, आणि मग लोखंडी फळ्या टाकून ती बंद करायची, म्हणजे मागं पाणी साठतं. बंधारा झाल्यावर आजूबाजूच्या विहिरींचं पाणी किती वर आलं, किती खाली गेलं, हे सरांनी तीन वर्षं मोजलं होतं. सुट्टी लागली की दोर आणि टेप घेऊन गावी जायचं आणि एकेका विहिरीत वाकून बघायचं. मधली दोन वर्षं दुष्काळाची निघाली, त्यामुळं बऱ्याच विहिरींत त्यांना फक्त तळच दिसला.

आकडे, नकाशे, तक्ते, सगळं चोख होतं. मी पाचवं प्रकरण उघडलं. पहिलं वाक्य, ‘इन कन्क्लूजन’ आणि पुढं त्या तालुक्याचं सरासरी पर्जन्यमान. दुसरा परिच्छेद, ‘टु कन्क्लूड’ आणि काळ्या मातीचे गुणधर्म. तिसरा, ‘ऑन द होल’ आणि भूगोलात विहिरींच्या अभ्यासाचं महत्त्व. शेवटी, ‘फायनली’, यावर आणखी संशोधन होणं गरजेचं आहे. निष्कर्षाला लागणारे झाडून सगळे शब्द होते. निष्कर्ष कुठंच नव्हता.

मला वाटलं, इंग्रजीची अडचण आहे. मी त्यांना बसवून शिकवलं. कुठला शब्द कुठं, तो कितीदा, त्यानंतर काय यायला हवं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं. पुढच्या आठवड्यात प्रकरण परत आलं. शब्द आता अगदी जागच्या जागी होते. व्याकरणाची एक चूक नव्हती. आणि ‘इन कन्क्लूजन’च्या पुढं अजून पर्जन्यमानच होतं.

असं चारदा झालं. नोंदणीची मुदत संपत आली होती. त्यांचे मार्गदर्शक स्टाफरूममध्ये मला म्हणाले, की तुमच्या टेबलावर मोकाशांचं काय पिकतंय? निष्कर्ष ठाम पाहिजे म्हणावं, नाहीतर पाठवूच नका. मग एक दिवस मी प्रकरण बाजूला ठेवलं आणि म्हटलं, ‘सर, इंग्रजी राहू द्या. विहिरींचं काय झालं ते मला मराठीत सांगा.’

मोकाशांनी आधी ग्रंथालयात कोण कोण आहे ते पाहिलं. मग खुर्ची ओढून हळू आवाजात म्हणाले, ‘मॅडम, वरच्या आळीच्या विहिरींना पाणी वाढलं. खालच्या आळीच्या आटल्या.’

‘मग हेच लिहायचं की.’

‘वरच्या आळीत माझं घर आहे,’ ते म्हणाले. ‘खालच्या आळीत सासुरवाडी.’

मग सगळं बाहेर आलं. सोयरीक गावातल्या गावात झालेली. त्यांचे वडील काशिनाथ आप्पा हे बंधाऱ्याच्या कमिटीचे अध्यक्ष. बंधारा मंजूर करून आणायला त्यांनी कन्नडच्या किती खेपा घातल्या हे ते सगळ्यांना सांगत. सासरे आसाराम अण्णा खालच्या आळीचे, आणि त्यांचं म्हणणं एकच, की बंधाऱ्यानं आमचं पाणी तोडलं. आप्पा म्हणत, पाऊसच नाही त्याला बंधारा काय करील. दोघं व्याही एकमेकांशी बोलायचे बंद झालेले. दोन्ही आळ्यांना वाटत होतं, की भगवानचं पुस्तक येऊ द्या, त्यात आपलंच खरं निघणार. मोकासे म्हणाले, ‘शेवटचं पान लिहिलं, की मला एका घरात पाणी मिळणार नाही.’

मी त्यांना धीर दिला. म्हटलं, इंग्रजीत अशा जागेसाठीच तर सोय आहे. तीन वर्षांचेच आकडे, त्यात दोन दुष्काळाची. ‘सिद्ध होतं’ असं कोणी म्हणूच शकणार नाही. आपण ‘सजेस्ट्स’ घालू. आकड्यांवरून असं म्हणायला जागा आहे, की बंधाऱ्यामुळं खाली जाणारं पाणी कमी झालं. शास्त्रालाही धरून, माणसांनाही सांभाळून. मोकाशांच्या चेहऱ्यावर इतक्या दिवसांत पहिल्यांदा रंग आला. मलाही माझ्या हुशारीचं कौतुक वाटलं.

ते फार टिकलं नाही. पुढच्याच आठवड्यात ग्रंथालयात धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ येऊन माझ्यासमोर उभे राहिले. आसाराम अण्णा. पाणी मागितलं, प्याले, टोपी मांडीवर ठेवली आणि म्हणाले, ‘मॅडम, तुमच्याकडं ते शब्द असतात म्हणं.’

मी विचारलं, कुठले शब्द.

‘जावयाच्या पुस्तकात घालायचे. जावई म्हणतो, मॅडमनी हलका घातला. त्याच्यापेक्षा भारी हाय ना तुमच्याकडं? सिद्ध झालं, असा? तो घाला.’

मी समजावलं, की तीन वर्षांच्या आकड्यांवर तो शब्द बसत नाही. त्यांनी शांतपणे विचारलं, किती वर्षांच्या आकड्यांवर बसतो. मी म्हटलं, दहा-बारा तरी हवीत. अण्णा म्हणाले, ‘तवर मी पाणी कुठून पिऊ?’ मी चहा मागवला.

तेव्हा आम्ही पडेगावला राहत होतो. घर बांधलं तेव्हा भोवती ज्वारी होती. बघता बघता प्लॉट पडले, दौलताबाद रोडच्या दोन्ही बाजूंनी घरं उठली. नळाची लाइन तेवढी आली नव्हती. दुष्काळात टँकर आला की सगळी गल्ली बाहेर असे. अशाच एका टँकरच्या दिवशी मी ड्रम लावत होते, तर फाटकाशी फेटेवाले एक गृहस्थ उभे. काशिनाथ आप्पा. त्यांना कळलं होतं, की व्याही कॉलेजात जाऊन मॅडमला भेटून आले. ते मागं कसे राहतील. मी त्यांना बसायला सांगते आहे तोवर रिक्षातून अण्णा उतरले. त्यांना कळलं होतं, की आप्पा सकाळच्या गाडीनं शहराकडं निघाले.

टँकरवाला काही थांबणार नव्हता. त्यानं पाइप आत फेकला. माझ्या एकटीच्यानं तो धरवेना, तेव्हा दोघंही पुढं झाले. एका टोकाला आप्पा, मध्ये अण्णा, आणि ड्रमापाशी मी. दोघं एकमेकांशी बोलत नसल्यामुळं सगळं माझ्यामार्फत चाललं होतं.

‘मॅडम, व्याह्यांना सांगा, पाइप जरा वर धरा म्हणावं. पाणी अडतंय,’ अण्णा म्हणाले.

‘त्यांना सांगा, अडवायची सवय आमाला नाय,’ आप्पा म्हणाले.

मग आप्पांनी मुद्द्याला हात घातला. ते ‘सजेस’ म्हणजे काय? मी सांगितलं, असं म्हणायला जागा आहे. आप्पांनी विचारलं, याच्याहून हलकं काय येतं? मी म्हटलं, ‘मे’. म्हणजे कदाचित. ‘मग ते घाला की,’ आप्पा म्हणाले. अण्णांनी मला सांगितलं, की व्याह्यांना विचारा, माझी विहीर कोरडी पडली ती कदाचित पडली व्हय? मी म्हटलं, दोघांच्या मधला एक शब्द आहे, ‘शोज’. दिसून येतं. आप्पा म्हणाले, नको, लोकांना दिसून आलं तर मग राहिलं काय.

असा तो बाजार ड्रम भरेपर्यंत चालला. इंग्रजीचं एक अक्षर न येणारी दोन माणसं एका क्रियापदासाठी वांग्याचा भाव करावा तशी घासाघीस करत होती, आणि माझ्या तिसऱ्या वर्षाच्या वर्गाला जो फरक वर्षभर शिकवून कळला नव्हता, तो त्यांना पाइप धरल्या धरल्या कळला होता. शेवटी मी थकून ‘इंडिकेट्स’ काढलं. अर्थ विचारला, तर पटकन मराठीत तोंडात आलं, ‘निर्देश करतं.’

‘निर्देश,’ आप्पा म्हणाले. ‘हे सरकारी वाटतंय. कुणावर यायचं नाय त्याच्यात.’

‘वजनदार हाय,’ अण्णा म्हणाले. ‘चालंल.’

आपणच जिंकलो, असं दोघांनाही वाटलं. माझ्याकडे जेवून दोघं एकाच बसनं, पण वेगवेगळ्या सीटवर बसून गावी गेले. मी मोकाशांना फोन करून सांगितलं, की प्रश्न सुटला. संध्याकाळभर मी खुशीत होते.

रविवारी मुकुंदवाडीहून मोकाशांची बायको आली. संगीता. ती तिकडच्याच एका शाळेत शिकवायची. नवऱ्याचा सगळा प्रबंध तिनंच टाइप केला होता, पण आमची भेट झाली नव्हती. हातात पिशवी, पिशवीत गावचे भुईमूग. बराच वेळ ती इकडचं तिकडचं बोलली. मग म्हणाली, ‘मॅडम, शब्द फार छान शोधला तुम्ही. दोन्ही घरं खूश आहेत. पण त्या शब्दानं पाणी खाली कसं जाणार?’

मी विचारलं, म्हणजे काय.

तिनं सांगितलं, की मूळ पाचव्या प्रकरणात आणखी एक वाक्य होतं. गावात दुष्काळाच्या धास्तीनं बंधाऱ्याच्या फळ्या नागपंचमीलाच टाकतात. त्यामुळं पुढचा सगळा पाऊस वर अडतो. त्या घट बसल्यावर टाकल्या, तर तोवर ओढा वाहत राहतो, खालच्या विहिरी भरतात, आणि नंतरच्या पाण्यावर वरच्यांचंही भागतं. हे मोकाशांनीच आकड्यांवरून काढलं होतं. ते वाक्य तिनं टाइप केलं. आप्पा रागावतील म्हणून त्यांनी काढलं. तिनं पुन्हा टाइप केलं, त्यांनी पुन्हा काढलं. घरात त्यावरून बोलणं कधीच झालं नाही. वाक्य येत होतं आणि जात होतं.

‘माझी आई पाण्याला वरच्या आळीत जाते,’ ती म्हणाली. ‘सरळ वाट आमच्या सासऱ्यांच्या दारावरनं आहे. ती वळसा घालून मागनं जाते. व्याह्याच्या दारावरनं हंडा कसा न्यायचा म्हणून.’

ती गेल्यावर मी बराच वेळ भुईमूग सोलत बसले. इतकी वर्षं मी लोकांना सांगत होते, की निष्कर्ष म्हणजे योग्य वजनाचा शब्द. आणि तेच सांगत सांगत एका माणसाला त्याचं खरं वाक्य गाळायला मी मदत केली होती.

सोमवारी मी मोकाशांना सांगितलं, की ते वाक्य असल्याशिवाय हे प्रकरण माझ्या टेबलावरून हलणार नाही. ते म्हणाले, आप्पा मला घरात घेणार नाहीत. मी म्हटलं, शक्य आहे. मग त्यांनी पेन काढलं आणि माझ्या समोरच लिहिलं. वाक्याची सुरुवात होती, ‘इट इज देअरफोर रेकमेंडेड’. त्या ‘देअरफोर’ला मी हात लावला नाही. माझ्या टेबलावर आलेल्या हजारो ‘देअरफोर’पैकी असे फार थोडे होते.

मौखिक परीक्षा उन्हाळ्यात झाली. ही परीक्षा खुली असते, कोणीही येऊन बसावं, प्रश्न विचारावा. सहसा चार विद्यार्थी आणि पेढ्यांसाठी आलेले शिपाई एवढेच असतात. त्या दिवशी दोन जीपा आल्या. एक वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. फेटे आणि टोप्या दोन बाजूंना बसल्या. मधल्या वाटेत संगीता एका खुर्चीवर. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या राज्यातून आले होते. एवढी गर्दी पाहून ते खूश झाले. त्यांना वाटलं, इकडे भूगोलाला मोठा मान आहे.

मोकाशांनी इंग्रजीतून मांडणी केली. मी शेवटच्या रांगेत बसून ऐकत होते. ‘इन कन्क्लूजन’ एकदाच आलं, योग्य जागी आलं. परीक्षकांनी विचारलं, तुम्ही ‘प्रूव्ह्ज’ का म्हणत नाही? मोकाशांनी सांगितलं, तीन वर्षांच्या आकड्यांवर ते म्हणणं बरोबर नाही. परीक्षकांनी मान डोलावली. माझ्या डोळ्यांत पाणी यायचंच बाकी होतं.

मग परीक्षेच्या अध्यक्षांनी रिवाज म्हणून विचारलं, श्रोत्यांपैकी कोणाला काही विचारायचंय? अण्णा उभे राहिले. म्हणाले, ‘साहेब, आमी दीड तास बसलोय. पोरगं चांगलं बोललं असंल. पण बोललं काय, ते आमाला सांगा.’

काही लोक हसले. अध्यक्षांनी मोकाशांना खूण केली, सांगा मराठीत. मोकाशांनी हातातले कागद टेबलावर ठेवले. त्यांनी वडलांकडे पाहिलं, सासऱ्यांकडे पाहिलं, आणि शेवटी ते खाली पाहून बोलले.

‘आप्पा, अण्णा, आपल्या बंधाऱ्यानं वरच्या विहिरींना पाणी दिलं आणि खालच्यांचं कमी केलं. कुणी मुद्दाम केलं नाही. बंधारा चांगला आहे, तो राहू द्या. पण फळ्या घट बसायच्या आधी टाकू नका. एवढंच आहे.’

परीक्षक शेजारच्याला काय झालं ते विचारत होते. आप्पा उठले, फेटा सारखा केला आणि बाहेर निघून गेले. त्यांच्यामागं वरच्या आळीची जीप भरली. मोकाशांना पदवी जाहीर झाली, टाळ्या झाल्या, पेढे फिरले. संगीतानं एक पेढा हातात घेतला आणि तो शेवटपर्यंत हातातच राहिला.

त्या दिवसापासून आप्पांनी मुलाचा फोन घेणं बंद केलं. मोकासे कॉलेजात येत, तास घेत, जात. नावाच्या आधी डॉक्टर लागलं होतं; कोणी तसं म्हटलं की ते दचकत. एकदा मला म्हणाले, ‘मॅडम, पर्जन्यमानच ठेवायला पाहिजे होतं.’ त्यांचं चुकलं असं मला वाटत नव्हतं, पण फोन माझा बंद झालेला नव्हता.

त्या वर्षी पाऊस बरा झाला. पुढं हुरड्याच्या दिवसांत संगीताचा निरोप आला, की मॅडम, गावी चला. मोकासे मला पिशोरवरून घेऊन गेले. आधी अण्णांच्या विहिरीवर नेलं. मी वाकून पाहिलं. फार खोल नाही, पाणी होतं. अण्णांच्या बायकोनं पोहऱ्यानं काढून तांब्या भरून दिला. मी मोकाशांना विचारलं, हे फळ्यांमुळं का? ते म्हणाले, एका वर्षावरून काही म्हणता येणार नाही, पाऊसही बरा होता, अजून चार वर्षं मोजावं लागेल. अण्णा माझ्याजवळ सरकले आणि हळूच म्हणाले, ‘मॅडम, याला इतकं शिकवायला नको व्हतं.’

मग झालं काय होतं, ते अण्णांनीच सांगितलं. फळ्या आप्पांच्या वाड्यावरच्या खोलीत कुलपात असतात. नागपंचमीला वरच्या आळीची माणसं त्या काढायला गेली, तर किल्ली सापडेना. आप्पांनी कोनाडे शोधले, पेटी शोधली, सुनांना बोल लावले. पोरं म्हणाली, कुलूप तोडू. आप्पा म्हणाले, कुलूप कमिटीचं आहे, तोडायला ठराव लागंल. ठरावाला माणसं जमेनात. असं करत करत श्रावण गेला, गणपती गेले, पितरं गेली. मग घट बसायच्या आधी बायकांनी घर सारवायला काढलं, गोधड्या धुवायला नेल्या, तेव्हा ती सापडली. घट बसल्यावर तिसऱ्या दिवशी फळ्या पडल्या.

संध्याकाळी आम्ही आप्पांकडे गेलो. मोकासे दारातच घुटमळले. आप्पांनी त्यांच्याकडे न बघता ‘पाय धुऊन घे’ एवढंच म्हटलं. हुरडा आला, चटणी आली, दही आलं. संगीता आत-बाहेर करत होती. आप्पा मला बंधाऱ्यासाठी कन्नडला घातलेल्या खेपा सांगत होते, त्या मी सगळ्या ऐकल्या. मग मला राहवलं नाही. मी विचारलं, ‘आप्पा, किल्ली कुठं होती म्हणे?’

आप्पांनी कणसावरची राख फुंकली. दाणे हातावर चोळून माझ्या ताटलीत टाकले.

‘गोधडीत व्हती,’ ते म्हणाले. ‘पुढच्या साली बी हरवंल, असं दिसतंय.’